अमेरिकेत टेनिस स्कॉलरशिपवर जाताना: खेळाडूंचे पैसे, सरकारचा कायदा आणि एफ-१ व्हिसा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी बारावीला आहे, आयटीएफ ज्युनिअर स्पर्धा खेळते, अमेरिकेतल्या दोन-तीन कोचशी ईमेलवर बोलणं चालू आहे. तिकडे कॉलेजच्या खेळाडूंना आता पैसे मिळतात आणि सरकार त्यावर कायदा आणतंय, असं तुमच्या कानावर आलंय. मग कायदा होईपर्यंत वर्षभर थांबावं का, आणि हे पैसे खर्चाच्या हिशोबात धरावेत का?

दोन्हीचं उत्तर 'नाही'.

आधी थांबण्याबद्दल. आपल्याकडे बारावीनंतर ड्रॉप घेणं फार मोठी गोष्ट नाही. टेनिसमध्ये मात्र तो महागात पडतो. एनसीएए, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची नियामक संस्था, तिच्या डिव्हिजन १ या सर्वांत वरच्या गटात इतर बहुतेक खेळांना शाळा संपल्यावर एक वर्षाची सवलत आहे, टेनिसला फक्त सहा महिन्यांची. त्यानंतर ती स्पर्धा खेळत राहिली आणि उशिरा कॉलेजात गेली, तर खेळण्याच्या हक्काचं एक वर्ष कापलं जातं आणि पहिलं वर्ष बाकावर जातं. हे नियम वयाशी जोडण्याची चर्चा सुरू आहे, म्हणून तिच्या बाबतीत नेमकं काय लागू होतं ते कॉलेजच्या कम्प्लायन्स ऑफिसकडून (खेळाचे नियम पाळले जातात का ते पाहणारा विभाग) लेखी घ्या. कोचचा फोनवरचा शब्द तिथे चालत नाही.

आता पैसे. हे प्रकरण एका दमात घडलेलं नाही. १९८४ साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने टीव्ही प्रक्षेपणावरची एनसीएएची मक्तेदारी मोडली. त्यानंतर फुटबॉल (म्हणजे अमेरिकन फुटबॉल) आणि बास्केटबॉलमध्ये प्रचंड पैसा आला, पण खेळाडूला स्कॉलरशिपच्या पलीकडे काही द्यायचं नाही हा नियम तसाच राहिला. २०१९ मध्ये कॅलिफोर्नियाने कायदा करून खेळाडूंना स्वतःचं नाव आणि चेहरा वापरून कमवायची मुभा दिली, पाठोपाठ इतर राज्यं उतरली. जून २०२१ मध्ये ऑल्स्टन खटल्यात सुप्रीम कोर्टाने ९-० ने एनसीएएच्या विरोधात निकाल दिला, आणि १ जुलै २०२१ पासून एनसीएएने जाहिरातींचे दरवाजे उघडले. यालाच तिकडे 'एनआयएल' (नेम, इमेज, लाइकनेस) म्हणतात. मग ६ जून २०२५ ला खेळाडूंनी एनसीएएविरुद्ध लढलेल्या 'हाऊस' नावाच्या खटल्यातली तडजोड मंजूर झाली. तिच्यानुसार जुन्या खेळाडूंना दहा वर्षांत सुमारे २.८ अब्ज डॉलर भरपाई मिळणार, आणि तडजोडीत सामील झालेल्या प्रत्येक कॉलेजला २०२५-२६ साठी आपल्या खेळाडूंना थेट जास्तीत जास्त साधारण २.०५ कोटी डॉलर वाटायची मुभा मिळाली.

हा आकडा वाचून हुरळून जाऊ नका. बऱ्याच मोठ्या कॉलेजांनी वाटणी ठरवली ती साधारण अशी: ७५ टक्के फुटबॉल, १५ टक्के मुलांचं बास्केटबॉल, ५ टक्के मुलींचं बास्केटबॉल, आणि उरलेल्या ५ टक्क्यांत बाकी सगळे खेळ. मुलींच्या टेनिसच्या वाट्याला बहुतेक ठिकाणी काहीच येत नाही.

तुमच्यावर खरा परिणाम होतो तो त्याच तडजोडीतल्या दुसऱ्या कलमाचा. पूर्वी मुलींच्या टेनिसला आठ पूर्ण स्कॉलरशिपची मर्यादा होती, मुलांच्या टेनिसला साडेचार. जी कॉलेजं तडजोडीत सामील झाली तिथे ही मर्यादा उठली आणि तिच्या जागी संघाच्या आकाराची मर्यादा आली: टेनिसला १० खेळाडू. म्हणजे दहाही मुलींना पूर्ण स्कॉलरशिप देता येईल. द्यावीच लागेल असं मात्र नाही. शिवाय स्वतःच्या खर्चाने संघात घुसून वर चढायची जुनी वाट अशा ठिकाणी जवळजवळ बंद झाली. दहा जागांसाठी ट्रान्सफर पोर्टलमधून (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी) आलेल्या, तीन वर्षं खेळून तयार झालेल्या मुलीही रांगेत असतात. म्हणून कोचला आधी हे तीन प्रश्न विचारा: कॉलेज तडजोडीत सामील आहे का, पुढच्या वर्षी दहातल्या किती जागा रिकाम्या होतायत, आणि संघाचं बजेट गेल्या वर्षापेक्षा वाढलंय की घटलंय? तिसऱ्या प्रश्नाला गुळमुळीत उत्तर आलं तर सावध व्हा. फुटबॉलसाठी पैसा काढायचा तर कात्री इतर खेळांवर चालते. मार्च २०२५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कॅल पॉली युनिव्हर्सिटीने पोहणे आणि डायव्हिंगचे संघच बंद केले. त्याच महिन्यात पेनसिल्व्हेनियातल्या सेंट फ्रान्सिस युनिव्हर्सिटीने डिव्हिजन १ सोडून डिव्हिजन ३ मध्ये जायचं जाहीर केलं, आणि डिव्हिजन ३ मध्ये खेळाची स्कॉलरशिप नसते. हार्वर्ड, येलसारख्या कॉलेजांच्या आयव्ही लीगमध्येही नसते, तिथे मदत मिळते ती घरच्या उत्पन्नावर.

त्यानंतरचा प्रश्न: स्कॉलरशिप एका वर्षाची की चार? खेळाडू आणि कॉलेजला बांधून घेणारं नॅशनल लेटर ऑफ इन्टेन्ट हे पत्र ऑक्टोबर २०२४ मध्ये रद्द झालं, आता सही होते ती कॉलेजच्या आर्थिक मदतीच्या करारावर. त्यात ट्यूशन, राहणं, जेवण, पुस्तकं, विमा यांतलं काय धरलंय ते ओळीओळीने पाहा. 'साठ टक्के स्कॉलरशिप' हा शब्द फसवा आहे. वर्षाचा एकूण खर्च ७०,००० डॉलर धरला आणि साठ टक्के त्या सगळ्यावर मिळाले, तर तुमच्याकडे २८,००० उरतात. डॉलर ८८ रुपयांचा धरला तर साडेचोवीस लाखांच्या वर. साठ टक्के नुसत्या ट्यूशनवर असतील तर आकडा बराच वाढतो. आणि आय-२० (व्हिसासाठी कॉलेजकडून मिळणारा फॉर्म) मिळवताना ही उरलेली रक्कम तुमच्याकडे आहे हे बँकेच्या कागदांनी दाखवावं लागतं. तिथे 'जाहिरातीतून कमवेल' असं लिहायची सोय नाही. ऑगस्ट २०२४ पासून डिव्हिजन १ कॉलेजांवर दोन चांगली बंधनं आली आहेत: खेळ खालावला म्हणून स्कॉलरशिप काढता येत नाही, आणि खेळताना झालेल्या दुखापतीचा वैद्यकीय खर्च कॉलेज सोडल्यावरही किमान दोन वर्षं द्यावा लागतो. मात्र मुलीने स्वतःहून ट्रान्सफर पोर्टलमध्ये नाव घातलं तर सत्र संपल्यावर कॉलेज पैसे थांबवू शकतं.

आता मुख्य अडचण. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत कॅम्पसवरची नोकरी करता येते, सुट्टीत पूर्णवेळ. कॅम्पसबाहेरचं काम पहिल्या वर्षी जवळजवळ बंद, नंतरही शिक्षणाशी निगडित आणि परवानगी घेऊनच. रॅकेट कंपनीसाठी हॉस्टेलच्या खोलीत बसून रील बनवणं हे अमेरिकेच्या भूमीवर केलेलं काम धरलं जाऊ शकतं. मोबदला रोख नसून फुकटचे बूट असले तरीही. विनापरवाना काम सिद्ध झालं तर स्टेटस जातं, आणि ते पुन्हा मिळवण्याचा जो अर्ज असतो तो विनापरवाना काम केलेल्यांना खुलाच नाही. जाहिरात कंपनी आणि एजंट हे सांगणार नाहीत. त्यांचं काही जात नाही.

टेनिसच्या मुली अडकतात त्या बऱ्याचदा याहून साध्या गोष्टींत. शेजारच्या कॉलनीतल्या मुलांना तासाला पैसे घेऊन शिकवणं: चालत नाही. गावातल्या क्लबच्या लोकांच्या रॅकेटला पैसे घेऊन गटिंग करून देणं: चालत नाही. उन्हाळी कॅम्प हा सगळ्यात फसवा. तो कॅम्पसच्याच कोर्टवर असतो, चालवणारा आपलाच कोच असतो, पण अनेकदा कॅम्प कोचच्या खासगी कंपनीचा असतो. चेक कॉलेजकडून येतोय की त्या कंपनीकडून, हे आधी पाहायचं. कंपनीकडून असेल तर 'कॅम्पसवर होता' हा बचाव टिकत नाही. काहीही स्वीकारण्याआधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांच्या ऑफिसातल्या डीएसओला ईमेल करायचा आणि उत्तर जपून ठेवायचं.

मग चालतं काय? दोन वाटा आहेत, दोन्ही अरुंद. एक, स्वतः काहीच न करता मिळणारं उत्पन्न, म्हणजे नाव किंवा फोटो वापरल्याची रॉयल्टी; पण फोटो काढायला किंवा सह्या द्यायला गेली की ते काम होतं, आणि मधली रेघ कुठे आहे यावर वकिलांचंच एकमत नाही. दुसरी, सुट्टीत भारतात आल्यावर इथेच करार, इथेच शूटिंग, इथेच पोस्ट आणि इथल्याच खात्यात पैसे. केंटकी युनिव्हर्सिटीचा, काँगोत जन्मलेला बास्केटबॉलपटू ऑस्कर शिब्वे याने २०२२ मध्ये संघाच्या बहामा दौऱ्यात असंच जाहिरातींचं काम उरकलं होतं. पुण्याच्या एखाद्या स्पोर्ट्‌स दुकानाची जाहिरात डिसेंबरच्या सुट्टीत करणं त्यामुळे शक्य आहे. पण डिव्हिजन १ मध्ये ६०० डॉलर किंवा जास्तीचा बाहेरचा करार तडजोडीच्या पोर्टलवर नोंदवावा लागतोच, तो कुठेही झालेला असो.

करांबद्दल थोडक्यात: ट्यूशन आणि पुस्तकांपुरती स्कॉलरशिप करमुक्त, राहण्या-जेवणाचा भाग करपात्र. त्यावर १४ टक्के कापले जातात. भारत-अमेरिका करारामुळे आपल्या विद्यार्थ्यांना स्टँडर्ड डिडक्शन मिळतं, जे इतर बहुतेक देशांच्या मुलांना मिळत नाही, त्यामुळे कापलेले पैसे बहुधा परत येतात. पण फॉर्म १०४०-एनआर हे रिटर्न भरलं तरच. उत्पन्न शून्य असलं तरी ८८४३ हा फॉर्म दरवर्षी द्यायचाच.

सरकारने यात पडावं का, हाही तुमचा प्रश्न होता. माझं मत: पडावं, पण आता जसं पडू पाहतंय तसं नाही. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात २०२५ मध्ये आलेलं स्कोअर विधेयक राज्यांचे वेगवेगळे कायदे बाजूला सारून एकच नियम आणतं, जे हवंच आहे. टेक्सासात एक आणि ओहायोत दुसरं, यात परदेशी पालकाचा तर पुरता गोंधळ उडतो. पण तेच विधेयक एनसीएएला मक्तेदारीविरोधी कायद्यापासून संरक्षण देतं आणि खेळाडूंना कर्मचारी म्हणवून घ्यायचा मार्ग बंद करतं. खेळाडूंना आजवर जे मिळालं ते जवळपास सगळं याच कायद्याखालच्या खटल्यांनी किंवा राज्यांच्या दबावाने मिळालं. ती हत्यारं काढून घ्यायची आणि बदल्यात वाटाघाटीचा हक्कही द्यायचा नाही, हा सौदा एकतर्फी आहे. डिसेंबर २०२५ मध्ये ते मतदानाला येता येता मागे घेतलं गेलं. त्याआधी जुलैमध्ये राष्ट्राध्यक्षांनी आदेश काढून मोठ्या कमाईच्या कॉलेजांनी बिगर-कमाईच्या खेळांतल्या स्कॉलरशिप वाढवाव्यात असं म्हटलं. हेतू टेनिससारख्या खेळांच्या फायद्याचा. पण आदेश म्हणजे कायदा नव्हे.

कर्मचारी असण्याचा मुद्दा आपल्या मुलांसाठी दुधारी आहे, हे फारसं कुणी बोलत नाही. डार्टमथ कॉलेजच्या मुलांच्या बास्केटबॉल संघाने मार्च २०२४ मध्ये १३-२ ने युनियनच्या बाजूने मत दिलं, आणि वर्षअखेरीस युनियनचा अर्ज मागे घेतला. समजा असा दर्जा सगळीकडे मिळाला. एनसीएएनुसार सरावाची मर्यादा आठवड्याला २० तास, एफ-१ वरच्या कामाची मर्यादाही २० तास. मग खेळणं हीच नोकरी ठरली, तर लायब्ररीतली अर्धवेळ नोकरी लगेच बेकायदा. व्हिसाचा नियम न बदलता केलेला कामगार कायदा परदेशी खेळाडूला संघाबाहेरही ढकलू शकतो.

म्हणून पगाराच्या मर्यादा सरकारने ठरवू नयेत, ते खेळाडू आणि कॉलेज वाटाघाटीने ठरवतील. सरकारने तेवढंच करावं जे दुसरं कुणी करूच शकत नाही: एजंटांना देशभर एकच परवाना आणि एफ-१ च्या नियमात खेळाडूंसाठी स्पष्ट अपवाद. व्हिसाचा नियम ना एनसीएए बदलू शकते, ना कुठलं राज्य, ना कोर्टातली तडजोड. सिनेटर ब्लुमेन्थल आणि रिकेट्स यांनी २०२३ मध्ये नेमकं याच विषयावर दोन्ही पक्षांचं विधेयक आणलं होतं. ते तसंच पडून राहिलं. परदेशी विद्यार्थ्यांना मत नसतं. तेव्हा अशा कायद्यावर विसंबणं म्हणजे भरवशाच्या म्हशीला टोणगा.

आता करायची कामं. एनसीएए एलिजिबिलिटी सेंटरवर खातं उघडा. दहावी-बारावीच्या मूळ गुणपत्रिका आणि बोर्डाची प्रमाणपत्रं लागतात. नववी ते बारावीतले सोळा मुख्य विषय मोजले जातात आणि डिव्हिजन १ साठी त्यांत चारच्या मोजपट्टीवर २.३ सरासरी हवी. एसएटीची सक्ती एनसीएएने २०२३ मध्ये काढली, पण एखादं कॉलेज स्वतःसाठी मागू शकतं. सेव्हिस फी (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीची) ३५० डॉलर आणि व्हिसा फी १८५ डॉलर वेगवेगळ्या भरायच्या असतात, आणि सेव्हिसची पावती मुलाखतीला न्यायची.

तिथे गेल्यावर दर सत्रात १२ क्रेडिट हा आकडा तिने पाठ करावा. एफ-१ ला तेवढे लागतात आणि खेळायलाही. त्यांत ऑनलाइन कोर्स एकच मोजला जातो. सामन्यांच्या दौऱ्यांमुळे एखादा विषय जड गेला आणि तिने तो परस्पर सोडला, तर संघ आणि व्हिसा दोन्ही एकाच दिवशी धोक्यात येतात. आधी डीएसओ, मग कोच, मग फॉर्म, हा क्रम. परवानगी घेऊन शिक्षण सोडलं तरी देश सोडायला १५ दिवसच मिळतात. ६० दिवस असतात ते पदवी पूर्ण केल्यावर.

आणि आजपासून बक्षिसांच्या हिशोबाची एक वही करा. टेनिसमध्ये कॉलेजआधी वर्षाला १०,००० डॉलरपर्यंतच बक्षिसाची रक्कम घेता येत होती, त्यावर फक्त प्रत्यक्ष खर्चाइतकी. ऑस्ट्रेलियाची माया जॉइंट २०२४ च्या यूएस ओपनमध्ये दुसऱ्या फेरीपर्यंत पोहोचली तेव्हा टेक्सास युनिव्हर्सिटीकडून खेळायचं म्हणून बहुतेक रक्कम सोडायची वेळ तिच्यावर आली होती. पुढे तिने कॉलेज सोडून व्यावसायिक व्हायचं ठरवलं. या मर्यादेविरुद्ध नॉर्थ कॅरोलिना युनिव्हर्सिटीची टेनिसपटू रीस ब्रँटमायर २०२४ मध्ये कोर्टात गेली, त्यामुळे सही करताना चालू नियम विचारून घ्याच. मात्र हिशोब दाखवायची वेळ कधीही येऊ शकते: स्पर्धेचं नाव, तारीख, मिळालेली रक्कम, कापलेला कर, आणि प्रवास, हॉटेल, कोचची फी यांच्या पावत्या. थर्मल कागदावरच्या पावत्या सहा महिन्यांत पुसट होतात, त्यांचे फोटो त्याच दिवशी काढा.