नाशिकमध्ये ड्रॅग रेसिंगच्या स्टॉक क्लाससाठी कमी खर्चात इंजिन कसं बांधावं?

तुम्ही लिहिलंय की हाताशी जुनी पल्सर 150 डीटीएसआय आहे, बजेट तुटपुंजं आहे, पहिल्यांदाच ड्रॅग रेसिंगच्या (सरळ पट्ट्यावरची कमी अंतराची शर्यत) स्टॉक क्लासमध्ये, म्हणजे कंपनीच्या मूळ इंजिनाच्या गटात, उतरायचंय आणि मित्र म्हणतोय आधी बिग बोअर किट (मोठा सिलिंडर-पिस्टन) नि कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) टाक. ते दोन्ही बाजूला ठेवा. कंपनीने दिलेली जी ताकद झिजेत आणि गळतीत गेलीय, ती परत मिळवणं हेच स्टॉक इंजिनचं खरं काम, आणि त्याला सुट्या भागांपेक्षा मोजमाप जास्त लागतं.

सगळ्यात आधी आयोजकांकडून त्या क्लासची नियमावली मागवा. याला कारण आहे. तुमच्या इंजिनचा बोअर (सिलिंडरचा व्यास) 58 मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) 56.4 मिमी असेल, तर ते 149 सीसी. झिजलेला सिलिंडर 0.25 मिमीने बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन टाकला की तेच इंजिन 150.3 सीसी होतं. क्लासची मर्यादा 150 असेल आणि नियमात ओव्हरसाइजला सवलत नसेल, तर शर्यत जिंकूनही तपासणीत बाद व्हाल. 165 पर्यंतचा क्लास असेल तर प्रश्न नाही. शंका असेल तर सरळ स्टँडर्ड साइजची नवी ब्लॉक-पिस्टन किट घ्या.

इंजिन खोलायच्या आधी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, प्लगच्या जागी गेज लावून तपासा. इंजिन गरम, थ्रॉटल पूर्ण उघडा, मग रीडिंग. त्यानंतर प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चांगलाच वाढला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्यात. फारसा हलला नाही तर दोष व्हॉल्व्हमध्ये शोधा. कुठे खर्च करायचा ते इथेच कळतं.

हेड (सिलिंडरवरचं झाकण) काढलं की व्हॉल्व्ह, स्प्रिंगा आणि दोन्ही प्लग जागेवर ठेवूनच ते उलटं करा आणि कंबशन चेंबरमध्ये (हेडमधल्या खोलगट भागात) डिझेल ओता. पाच-दहा मिनिटांनी इनटेक आणि एक्झॉस्टच्या पोर्टात बोट फिरवून बघा. बोट ओलं झालं तर तो व्हॉल्व्ह बसत नाहीये. ग्राइंडिंग पेस्टने घासून सीटवर (व्हॉल्व्ह टेकतो त्या कडेवर) सलग, एकसारखी करडी पट्टी उमटेपर्यंत थांबू नका. पट्टी मध्येच तुटत असेल तर सीट कटिंग करून घ्या. ते काम घाईघाईत होत नाही.

बोअरचं माप मात्र अंदाजाने घेऊ देऊ नका. मायको सर्कलचं नाव ज्या कारखान्यावरून पडलं तिथे डिझेल इंजेक्शनचे नोझल बनत आले, म्हणजे मायक्रॉनमध्ये मोजायची सवय या शहराला जुनी आहे. सातपूर-अंबडमध्ये बोअर गेज आणि मायक्रोमीटर नीट वापरणारा माणूस शोधा. सिलिंडर वर, मध्ये, खाली आणि प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी मोजून घ्या, पिस्टनही मोजा, आणि आकडे वहीत लिहा. रिंग पिस्टननेच ढकलून बोअरमध्ये सरळ बसवा आणि तिच्या टोकांमधली फट फिलर गेजने (पातळ पट्ट्यांच्या मापकाने) बघा. ढोबळ हिशेब दर 25 मिमी बोअरला 0.1 मिमी, म्हणजे इथे साधारण 0.23, शेवटचा शब्द सर्व्हिस मॅन्युअलचा. फट कमी पडली तर गरम झाल्यावर रिंगेची टोकं एकमेकांना भिडतात आणि सिलिंडरला ओरखडे पडतात.

मग राहिलेले पैसे क्लचमध्ये घाला. नव्या क्लच प्लेटा, नियमात बसत असतील तर थोड्या कडक स्प्रिंगा, चांगला मागचा टायर आणि नवी चेन. 402 मीटरच्या शर्यतीत पहिल्या वीस मीटरमध्ये गमावलेलं पुढे भरून निघत नाही, आणि घसरणाऱ्या क्लचपुढे उत्तम हेडसुद्धा वाया जातं.

जेटिंगबद्दल, म्हणजे कार्ब्युरेटरमधून किती पेट्रोल जावं ते ठरवण्याबद्दल, एक गोष्ट आपल्याकडे हमखास विसरतात. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटरवर आहे, त्यामुळे इथली हवा पाच-सहा टक्क्यांनी विरळ. इथे अचूक लावलेला कार्ब्युरेटर मुंबईच्या पातळीवर लीन पडतो, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी देतो. तिथे जायचं असेल तर एक नंबर मोठा मेन जेट (पेट्रोल मोजून सोडणारं छिद्र) सोबत ठेवा. लोणावळ्याजवळच्या अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर अशा शर्यती झाल्यात, ती जागा घाटमाथ्यावर असल्याने फरक कमी पडेल. निफाडची डिसेंबरमधली पहाट आणि मे महिन्यातली दुपार यांतही मिश्रण बदलतं, म्हणून प्लगचा रंग शर्यतीच्या दिवशीच बघायचा.

नव्या रिंगा सिलिंडरला घासून नीट बसेपर्यंत सतत एकाच वेगात चालवू नका, वेग कमी-जास्त करत राहा आणि पहिलं ऑइल लवकर बदला. शर्यतीची वेळ मोजून बघायला हायवेवर किंवा गंगापूर रोडला मात्र जाऊ नका. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं मोटार वाहन कायद्याच्या कलम 189 खाली गुन्हा आहे, आणि समोरून येणाऱ्याला तुमच्या शर्यतीची कल्पना नसते. एफएमएससीआयच्या (देशातल्या मोटारस्पोर्टची संघटना) मान्यतेची शर्यत असेल तर त्यांचं लायसन्स लागतं. त्याचा अर्ज आणि हेल्मेट-सूटचा खर्च इंजिनच्या बजेटमध्ये आधीच धरा.