पटावरचे प्रश्न: जिंकलेला डाव कशाला तपासायचा?

प्रश्न: नमस्कार सर. लातूरला बुद्धिबळाची एक ओपन स्पर्धा झाली, स्विस लीग, ७ राउंड, त्यात ६ पॉइंट काढून मी पहिला आलो. घरी येऊन सगळे डाव स्टॉकफिशला, म्हणजे डाव तपासणाऱ्या कॉम्प्युटर इंजिनला, लावले अन् आनंदच गेला. पाचव्या राउंडला हत्तीला हत्ती मारून राजा-प्याद्याच्या शेवटात गेलो, माझं एक प्यादं जास्त, मला वाटलं जिंकलो, तर इंजिन शून्य, म्हणजे बरोबरी, दाखवतंय. समोरच्यानं राजा चुकीच्या घरात नेला म्हणून जिंकलो. शेवटच्या राउंडला फ्राइड लिव्हर (सुरुवातीलाच एफ७ वर घोडा देऊन करायचा हल्ला) लावून १० चालीत मात केली. दोस्त म्हणायलेत नुसतं नशीब होतं तुझं. आता हे डाव तपासत बसू का जो एक हरलोय तेवढाच बघू?
— एक वाचक, उदगीर

उत्तर: पहिले आलात, आधी अभिनंदन घ्या. हरलेला डाव तर तुम्ही बघणारच हो, तो झोपूच देत नाही, त्याच्यासाठी मला विचारायची गरज नाही. जिंकलेला कुणी उघडत नाही, आणि लई चुका तिथंच राहून जातात कारण त्यांची शिक्षा मिळालेली नसते. अडतीत सोयाबीनला भाव चांगला लागला म्हणजे पीक चांगलं आलं होतं असं नसतं ना, पॉइंटचं तसंच आहे.

तुम्ही पाठवलेला शेवट पटावर मांडून बघितला. तुमचा पांढरा राजा ई५ वर, प्यादं ई४ वर, काळा राजा ई७ वर, चाल तुमची. बरोबरी. हीच पोझिशन आणि चाल काळ्याची असती तर तुम्ही सरळ जिंकत होतात. राजे समोरासमोर, मधे एक घर, आणि ज्याला हलावं लागतं त्याचं नुकसान, ऑपोझिशन म्हणतात ते हेच. तुम्ही राजा डी५ ला नेला, त्याला वाचवणारी एकच चाल होती, राजा डी७, पण तो गेला एफ६ ला, तुम्ही डी६ ला घुसलात आणि मग प्यादं थांबवणं त्याच्या हातात राहिलं नाही. इतकं इंजिनही सांगतं. ते काय सांगत नाही, तर हत्ती मारताना तुमच्या डोक्यात काय चाललं होतं. मारामारी संपल्यावर चाल कुणाची येणार हे मोजलं होतं का? का एक प्यादं जास्त आहे, सोपं करून टाकू, एवढंच? मला तरी हे दुसरं खरं वाटतंय. तसं असेल तर चूक त्या शेवटात नाही, त्याच्या आधी हत्ती मारला तिथं आहे, हत्ती ठेवून एक प्यादं जास्त घेऊन त्याला बराच वेळ छळता आलं असतं.

आणि असं मोठ्यांकडूनही होतं. १२ डिसेंबर २०२४, सिंगापूर, विश्वविजेतेपदाचा १४वा डाव. तेव्हाचा विश्वविजेता, चीनचा डिंग लिरेन, यानं ५५व्या चालीला हत्ती एफ२ वर आणला, आपल्या गुकेशनं हत्ती मारून घेतला आणि लगेच उंटासमोर उंट उभा केला, तोही मारला गेला की उरला राजा-प्याद्याचा शेवट, गुकेशचं एक प्यादं जास्त आणि तो जिंकलेला. ५८ चालीत खेळ खलास. गुकेशला स्वतःलाही ती चूक पहिल्या क्षणी दिसली नव्हती, तो दुसरंच काही खेळायच्या बेतात होता. मग त्याला नशीब म्हणायचं का? समोरचा चुकणं हा खेळाचाच भाग आहे, चूक दिसली आणि पकडली याचे पॉइंट असतात, तेवढं तुमच्या दोस्तांना सांगा.

१० चालीत मात केलीत त्याचं मात्र मला फारसं कौतुक नाही, रागावू नका. पाचव्या चालीला समोरच्यानं डी५ वरचं प्यादं घोड्यानं मारलं, तुम्ही एफ७ वर घोडा दिला, वजीर एफ३ चा शह, आणि तो घाबरून राजा जी८ ला घेऊन गेला. तिथं मात ठरलेलीच आहे, उंटानं डी५ वर मारून शह, मग वजीर. पण राजा ई६ ला आला असता तर? खरा फ्राइड लिव्हर तिथून सुरू होतो, घोडा सी३ पासून, आणि त्याच्या पुढचं एक अक्षर तुमच्या पत्रात नाही. पुढच्या स्पर्धेतला पोरगा पाचव्या चालीला घोडा ए५ खेळणार, एक प्यादं देऊन टाकणार आणि तुमचे मोहरे मागं ढकलत बसणार, तेव्हा काय? या डावातून तपासायचं असेल तर ते तपासा, झालेली मात नाही.

इंजिन शेवटी लावा. आधी वहीत लिहा, कुठं काय वाटलं, कुठं भीती वाटली. बोटविनिक, १९४८ चा विश्वविजेता, म्हणायचा की स्वतःच्या डावावर टिपा लिहा आणि छापा, म्हणजे लोक चुका काढतील. छापायचं राहू द्या, पण हरलेल्या गड्याला चहाला बोलवा आणि विचारा, तुला कुठं वाटलं की आता आपण वाचतो? जी चाल तो सांगेल ती बऱ्याचदा तुम्हाला दिसलेलीच नसते.

प्रश्न: माझी मुलगी ९ वर्षांची आहे. ती जिंकून आली तरी तिचे पप्पा आधी मोबाईलवर अ‍ॅक्युरसी (चाली किती अचूक होत्या त्याचा टक्का) बघतात, कमी आली की बोलतात. हे बरोबर आहे का?
— एक आई, परभणी

उत्तर: नाही ताई. तो टक्का समोरचा कसा खेळला त्याच्यावर लई अवलंबून असतो. समोरच्यानं तिसऱ्याच मिनिटाला वजीर फुकट दिला की पुढं काहीही खेळा, जिंकायचे चान्स कमी होतच नाहीत, म्हणून टक्का वर राहतो. आणि गुंतागुंतीचा डाव चांगला लढून जिंकला तरी तो खाली येतो. पप्पांना म्हणा, आकडा बंद करा आणि लेकीला विचारा, यात तुला कुठली चाल आवडली. ती दाखवेल, मग तुम्ही दोघं बघा.

प्रश्न: वेळ कमी राहिला म्हणून शेवटच्या चाली स्कोअरशीटवर लिहिल्याच नाहीत, आता डाव तपासू कसा?
— एक विद्यार्थी, अंबाजोगाई

उत्तर: प्रत्येक चालीला घड्याळात ३० सेकंद वाढत असतील तर शेवटपर्यंत लिहावंच लागतं बाबा, नियमच आहे. ५ मिनिटांपेक्षा कमी वेळ आहे आणि तशी वाढही नाही, तेव्हाच सूट मिळते. झाला तो डाव त्याच दिवशी समोरच्याला सोबत घेऊन पटावर लावायचा, दोघांना मिळून बहुतेक आठवतं. आणि पुढच्या वेळी दर पाच-सहा चालींनी घड्याळात किती वेळ राहिला तोही बाजूला लिहीत जा, डाव कुठं हातातून सुटायला लागला ते त्या आकड्यांवरूनच पहिलं कळतं.