जुना टर्बो घेताना

प्रश्न : माझ्या २०१२ सालच्या स्विफ्ट डिझेलचा टर्बो (इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंखा) निकामी झाला आहे. नाना पेठेत मारुतीच्याच एसएक्स४ डिझेलचा जुना टर्बो स्वस्तात मिळतो आहे. इंजिन एकच असल्याने तो चालेल का? (एक वाचक, कोथरूड)

उत्तर : घेऊ नये. दोन्ही इंजिने १२४८ सीसीची आहेत हे खरे. परंतु स्विफ्टचे ७५ पीएसचे (पीएस म्हणजे अश्वशक्ती) व साध्या टर्बोचे, तर एसएक्स४चे ९० पीएसचे असून त्याच्या टर्बोतील पात्यांचा कोन बदलता येतो आणि तो बदलण्याची सोय आपल्या ईसीएममध्ये (इंजिन चालवणाऱ्या संगणकात) नाही. आपला काढलेला टर्बो सोबत नेऊन दोन्हींच्या पट्टीवरील पार्ट नंबर अक्षरशः जुळवावा. ‘बसतो हो साहेब’ एवढ्यावर पैसे मोजू नयेत. घ्यायच्या टर्बोचा शाफ्ट (पंख्याचा मधला दांडा) बोटांनी आत-बाहेर ओढून पाहावा. तसा हलला तर तो टर्बो न घेता परत ठेवावा. बाजूला किंचित हलणे मात्र चालते.