वाचक विचारतात : ऑर्गनवाल्या काकांची आठवण

प्रश्न : आमच्या हौशी संगीत नाट्यमंडळात चाळीस वर्षं ऑर्गनची साथ करणारे काका गेले. स्मरणाचा कार्यक्रम करायचा आहे. त्यांचा ऑर्गन आठ महिने बंद आहे. त्याला हार घालून रंगमंचावर ठेवावा, असं काहींचं म्हणणं आहे. त्यांच्या खुणांच्या संहिताही आमच्याकडे आहेत.

उत्तर : हार तसबिरीला घाला आणि ऑर्गन वाजवा. ऑर्गनवर फुलं किंवा समई ठेवूच नका. पाणी, तेल पट्ट्यांमधून आत झिरपतं, पट्ट्या फुगून अडकतात.

बंद ऑर्गन कार्यक्रमाच्या किमान महिनाभर आधी उघडा. पायाच्या ऑर्गनचा भाता हवा बाहेर फेकतो आणि खोलीतली हवा रीडमधून (सूर देणारे, पातळ जीभ असलेले धातूचे तुकडे) आत ओढली जाते, तिच्याबरोबर धूळही. एखादा सूर मुका झाला तर बहुधा रीडच्या जिभेत कण अडकलेला असतो. रीड हुकाने ओढून काढा, मऊ कुंचल्याने झटका, त्याच खाचेत परत बसवा. जीभ वाकवली किंवा खरवडली की सूर उतरतो वा चढतो. पट्टी सोडल्यावरही सूर वाजत राहिला तर पट्टी फुगली आहे किंवा तिच्याखालच्या झडपेवर कचरा आहे. पाय मारूनही दम भरत नसेल तर भात्याचं कापड फाटलं असेल. ते काम कारागिराचंच. जुना ऑर्गन आजच्या इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याशी जुळेलच असं नाही. तंबोरा आणि तबला ऑर्गनला लावून घ्या, ऑर्गन त्यांना लावायला जाऊ नका.

खरा ठेवा त्या संहिता आहेत. कोणतं पद कोणासाठी काळी एकमध्ये, कोणाला पांढरी चार (म्हणजे कोणत्या पट्टीला ‘सा’ धरून गायचं), कोणत्या वाक्यावर सूर धरायचा, गद्य लांबलं तर किती आवर्तनं भरायची, हे पेन्सिलीत लिहिलेलं इतर कुठेही सापडणार नाही. गंजलेल्या पिना काढा, सेलोटेप लावू नका (त्याचा डिंक कागद पिवळा करतो), लॅमिनेशन तर नकोच, ते पुन्हा निघत नाही. 300 डीपीआयवर रंगीत स्कॅन करा; कृष्णधवलमध्ये फिकी पेन्सिल हरवते.

मग सहा पदं निवडा. नव्या साथीदाराने ती त्या खुणांवरूनच वाजवावीत, आणि पदाआधीचं दोन-तीन वाक्यांचं गद्य नटाने बोलावं. गद्यातून पदात जाण्याची ती उचल हीच काकांची कारागिरी होती. नुसती पदं गायली तर ती दिसणार नाही. सुरुवात नांदीने, शेवट भैरवीने. भाषणं तीन, प्रत्येकी पाच मिनिटं. दीड तासात सगळं बसतं.

प्रश्न : अशा कार्यक्रमात ‘कट्यार काळजात घुसली’ची पदं घेतली तर परवानगी लागते का?

उत्तर : प्रवेश विनामूल्य असेल तर लागत नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये हौशी संस्थेला ही सवलत आहे. तिकीट लावलंत, किंवा देणगी प्रवेशिका काढलीत, की प्रेक्षकांनी पैसे मोजलेच. तेव्हा संहितेसाठी आणि चालींसाठी हक्कधारकांची वेगवेगळी लेखी परवानगी घ्या. संरक्षण लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं असतं. नाटककार किर्लोस्कर (मृत्यू 1885), देवल (1916), खाडिलकर (1948) यांच्या संहिता त्यातून मोकळ्या झाल्या आहेत. नंतर बांधलेली चाल असेल तर तिच्या संगीतकाराचं वर्ष स्वतंत्र मोजा.