फेसबुकवर माझ्या नावाने बनावट खाते काढून नातेवाइकांकडे पैसे मागितले जात आहेत. मी नाशिकला राहतो. काय करावे?

असे खाते काढण्यासाठी आपला पासवर्ड चोरावा लागत नाही. सर्वांना दिसणारे छायाचित्र आणि उघडी मित्रयादी एवढ्यावर भामट्याचे काम भागते, म्हणून केवळ पासवर्ड बदलून हा प्रकार थांबणार नाही. प्रथम त्या खात्याची लिंक व संदेशांचे स्क्रीनशॉट जपून ठेवावेत, कारण खाते बंद झाल्यावर पुरावा मिळवणे अवघड जाते. त्यानंतरच आपण आणि मित्रांनी तोतयेगिरीची तक्रार फेसबुककडे करावी. मग सेटिंगमध्ये मित्रयादी फक्त स्वतःला दिसेल अशी ठेवून प्रोफाइल लॉक करावे. गोदाघाटावरचे कौटुंबिक फोटो जरूर टाकावेत, परंतु ते सर्वांसाठी खुले ठेवण्याचे कारण मला तरी दिसत नाही.

कोणी पैसे पाठवलेच असतील, तर ज्याच्या खात्यातून रक्कम गेली त्याने विलंब न लावता १९३० या हेल्पलाइनवर कळवावे. रक्कम पुढे वळवली जाण्यापूर्वी कळवले तर ती गोठवली जाण्याची शक्यता अधिक असते. नाशिक शहर सायबर पोलीस ठाण्यातही तक्रार द्यावी. संगणकीय साधनाद्वारे तोतयेगिरी करून फसवणे हा माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ६६-ड नुसार ३ वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे.