मूकपटातलं कुत्रं रडतं तेव्हा

एका वाचकांचा प्रश्न आला आहे. बाबूराव पेंटरांच्या ‘सावकारी पाश’ या १९२५ सालच्या मूकपटावरच्या लेखात त्यांनी ‘कुत्र्याचं रडणं काळजाला भिडतं’ असं वाक्य वाचलं. मूकपटात रडणं ऐकू कसं येईल, तेव्हा ही शब्दयोजना चुकली का, असं ते विचारतात. शिवाय चित्रातून आवाज सुचवण्याच्या या कौशल्याला मराठीत काय म्हणावं, हेही त्यांना हवं आहे.

वाक्य बरोबर आहे, आणि ते मला फार आवडलं. हा चित्रपट आज उपलब्ध नाही, म्हणून मी तो पाहिलेला नाही. पण चित्रपट निर्माते-दिग्दर्शक जे. बी. एच. वाडिया यांनी पुढे त्याची आठवण सांगितली, तीत दोनच गोष्टी होत्या: अंधूक उजेडात टिपलेली एक उदास झोपडी आणि कुत्र्याचं रडणं. ज्या पडद्यावरून आवाज निघालाच नाही, त्यातला आवाज माणसाच्या स्मरणात राहिला. आपल्याकडे रात्री कुत्रं रडायला लागलं की घरातलं मोठं माणूस उठून त्याला हाकलतं. ते अशुभ मानतात. मान वर करून तोंड उघडलेलं कुत्रं नुसतं दिसलं, तरी पुढचं काम प्रेक्षकाचा कान स्वतःच करतो. कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याच्या गोष्टीत ते कुत्रं काय सांगत असेल, हे वेगळं लिहून दाखवायला नको.

आता ‘मूक’. मूक म्हणजे ज्याला वाचा नाही तो. आवाज नसणं हा त्याचा अर्थ नव्हे. मुका माणूस टाळी वाजवतो, हसतो, त्याच्या चपलांचा आवाज होतो. मूक मोर्चात घोषणा नसतात, पण हजारो पावलं वाजत असतात. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२० साली सुरू केलेल्या ‘मूकनायक’च्या नावातही ज्यांचं म्हणणं कुणी ऐकून घेत नाही, असे लोक आहेत. मुळीच आवाज नसणं सांगायचं तर ‘नीरव’ हा शब्द आहे. रव नाही तो नीरव. ‘निःशब्द’ जरा घोटाळ्याचा, कारण संस्कृतात शब्द म्हणजे कोणताही आवाज, आणि मराठीत तो बोलण्यापुरता आकसला. तेव्हा मूकपट हा वाचा नसलेला पट, आणि त्याचा जोडीदार ‘ध्वनिपट’पेक्षा ‘बोलपट’ हाच नेमका. दोन्ही नावं एकाच मापाने कापली आहेत. जपानीतही तेच झालं आहे. तिथे मूकपटाला ‘मुसेई एइगा’ म्हणतात. त्यातल्या ‘सेई’चा पहिला अर्थ गळ्यातून निघणारा आवाज असा आहे. (एक लक्षात ठेवा: बोलपट येईपर्यंत कुणाला ‘मूकपट’ म्हणायची गरजच नव्हती. दुसरं काही नव्हतंच, तेव्हा तो नुसता चित्रपट होता.)

जपानचं नाव मुद्दाम घेतलं, कारण तिथे ही कला फार पुढे गेली. तेइनोसुके किनुगासा यांचा १९२६ सालचा ‘कुरुत्ता इप्पेइजी’, म्हणजे ‘वेडाचं एक पान’, आपल्या प्रश्नाचं सगळ्यात चांगलं उत्तर देतो. सुरुवातीला कोसळणारा पाऊस आणि विजा दिसतात, आणि दिमाखदार पोशाखात नाचणारी एक स्त्री. मग कळतं की ती मनोरुग्णालयाच्या कोठडीत आहे. दृश्यावर दृश्य चढवून ढोल आणि तुताऱ्या पडद्यावर येतात. ही वाद्यं त्या इमारतीत कुठेच नाहीत. ती फक्त तिला ऐकू येत आहेत, आणि ती दाखवल्यामुळे आपल्यालाही. चित्रपटात संवादाच्या पाट्याही नाहीत. तो हरवला असं सगळे समजत होते. १९७१ साली तो किनुगासांच्याच घरच्या कोठारात सापडला. दिग्दर्शक यासुजिरो ओझू यांनी १९३३ सालच्या ‘देकिगोकोरो’ या मूकपटाची सुरुवात तर चक्क गाऊन कथा सांगण्याच्या कार्यक्रमाने केली. गाणं आपल्याला ऐकू येत नाही. ते ऐकणारी दाटीवाटीने बसलेली माणसं दिसतात. ऐकणाऱ्याचा चेहरा दाखवून आवाज दाखवायचा, ही युक्ती मला कुत्र्याच्या उघड्या तोंडाहूनही नाजूक वाटते.

थिएटर काही नीरव नसायचं, हेही खरं. जपानमध्ये पडद्याशेजारी बसून ‘बेन्शी’ सगळी पात्रं बोलून दाखवत, आणि आपल्याकडे पेटी-तबला वाजे. पण वाजणारी पेटी झोपडीजवळच्या कुत्र्याचा आवाज काढत नाही. तो चित्रातूनच यावा लागतो.

याला म्हणायचं काय? नवा शब्द घडवू नये असं माझं मत आहे, कारण घरात एक आहे. ‘त्यांच्या बोलण्यातून नाराजी ध्वनित होत होती’ असं आपण म्हणतो. नाराजी त्यांनी उच्चारलेली नसते, तरी ती ध्वनित होते. ‘ध्वनी’ला हा अर्थ काव्यशास्त्राने दिला. नवव्या शतकात काश्मीरच्या आनंदवर्धनाने न सांगता सुचणाऱ्या अर्थाला ध्वनी म्हटलं, आणि तो शब्द घेतला व्याकरणकारांकडून, जिथे तो कानाने ऐकायचा ध्वनीच होता. पुढच्या चर्चेत घंटेचा दाखला येतो: टोल पडून गेल्यावर मागे जे घुमत राहतं, ते अनुरणन. आवाज आणि सुचवणं, दोन्ही एकाच शब्दात इतकी एकजीव झालेली मला दुसरीकडे सापडली नाहीत. मूकपटात तर दोन्ही अर्थ एकदम लागू पडतात: सुचवला जातो तोच मुळी आवाज असतो.

मराठी कानाला हे अवघडही नाही. दिवे लुकलुकतात, वीज लखलखते, भांडी चकचकतात. यातल्या कशाचाच आवाज होत नाही, तरी नादाचे शब्द आपण डोळ्यांच्या कामाला लावले आहेत. उलट ‘शुकशुकाट’ हा शांततेचा शब्द स्वतःच किती वाजतो!

म्हणून वाक्य असं लिहावं: ‘झोपडीच्या दृश्यातून कुत्र्याचं रडणं ध्वनित होतं.’ लेखकाला प्रेक्षकाचा अनुभव सांगायचा असेल तर ‘ऐकू येतं’ही खुशाल लिहावं. फक्त साल द्यायला विसरू नये, कारण बाबूरावांनी ‘सावकारी पाश’ १९३६ साली बोलपट म्हणून पुन्हा काढला, आणि त्याबद्दल लिहिताना ‘ऐकू येतं’चा अर्थ अगदी साधा होतो.