टोटोरोच्या जंगलाचा सातबारा

या वेळी तीन पत्रं जवळपास एकाच विषयावर आली, कार्टून सिनेमे आणि जंगल, म्हणून सगळी जागा त्यांनाच देतेय. बाकीच्यांची उत्तरं पुढच्या अंकात नक्की.

प्रश्न : ताई, माझा मुलगा सात वर्षांचा आहे. सुट्टीत त्याने ‘दिल्ली सफारी’ बघितला आणि बिबट्याच्या पिल्लाचे बाबा जातात तिथे इतका रडला की रात्री झोपेचना. दोन दिवस घरात येईल त्याला सांगत होता, झाडं तोडू नका. तिसऱ्या दिवशी सगळं विसरला. मग अशा पिक्चरचा उपयोग काय, पोरांना नुसतं रडवायचं? – एक आई, ठाणे

तो विसरला असं मला नाही वाटत. त्याला पुढे काय करायचं ते कुणी सांगितलं नाही म्हणून गप्प झाला. मोठ्यांचंही असंच होतं, आपण थिएटरात डोळे पुसतो आणि पार्किंगमध्ये येईपर्यंत दुसरं काहीतरी बोलायला लागतो.

एक जुनी गोष्ट सांगते. डिस्नीचा ‘बॅम्बी’ अमेरिकेत आला १९४२ साली. हरणाच्या पाडसाची आई शिकाऱ्याच्या गोळीने जाते, पुढे शिकाऱ्यांच्या शेकोटीतून वणवा पेटतो, आणि अख्ख्या सिनेमात माणूस एकदाही दिसत नाही, फक्त त्याची चाहूल लागते. त्यामुळे बघणारा आपोआप हरणाच्या बाजूला जाऊन बसतो. तिकडचे शिकारी तेव्हा जाम चिडले होते, आम्हाला खलनायक केलं म्हणून. पण वनखात्याच्या वणवा रोखायच्या मोहिमेला त्यातली ताकद बरोबर कळली आणि १९४४ मध्ये त्यांनी बॅम्बीला पोस्टरवर आणलं. डिस्नीने तो फक्त एका वर्षापुरता वापरायला दिला होता, म्हणून मग त्यांनी स्वतःचं स्मोकी नावाचं अस्वल काढलं, ते आजही तिकडे लोकांना आग विझवूनच निघा म्हणून सांगतंय. म्हणजे रडू आलेल्या माणसाला त्यांनी एक छोटं काम दिलं, शेकोटी नीट विझव. ‘निसर्ग वाचवा’ म्हटलं तर सात वर्षांचं पोर काय करणार हो?

आता जपानचं बघा. ‘माय नेबर टोटोरो’, १९८८, हायाओ मियाझाकींचा. त्यात ना बुलडोझर, ना बिल्डर, झाडं तोडू नका असं कुणी एकदाही म्हणत नाही. दोन बहिणी, त्यांचे बाबा, हॉस्पिटलात असलेली आई, आणि घरामागे कापराचं एक प्रचंड झाड, त्यात राहणारा मोठा केसाळ वनजीव म्हणजे टोटोरो. धाकटी त्या झाडापाशी हरवून परत सापडते तेव्हा बाबा मुलींना घेऊन झाडासमोर जातात, वाकून नमस्कार करतात आणि हिच्यावर लक्ष ठेवल्याबद्दल त्याचे आभार मानतात. मी तो सीन पहिल्यांदा बघितला तेव्हा मला आमच्या आजीची आठवण आली, ती वडाखालून जाताना चप्पल काढायची, कुणी का विचारलं तर उत्तर द्यायची नाही, नुसती काढायची.

या सिनेमातला निसर्ग ज्या भागावरून सुचला त्यातला एक म्हणजे टोकियो आणि साइतामाच्या हद्दीवरच्या सायामा टेकड्या. तिथे घरं आणि रस्ते वाढत चालले होते. १९९० मध्ये तिथल्या लोकांनी टोटोरोच्या नावाने निधी उभा करायला घेतला, १९९१ मध्ये पहिला जंगलाचा तुकडा विकत घेतला, आणि असे छोटे छोटे तुकडे घेत घेत आज पन्नासच्या वर झालेत. आपल्या भाषेत सांगायचं तर टोटोरोच्या जंगलाचा सातबारा निघाला! सिनेमाने माया लावली, पण त्या मायेला पत्ता दिला तो त्या गावकऱ्यांनी. सिनेमा एकटा हे काम करू शकत नाही, आणि त्याच्याकडून तशी अपेक्षाही करू नये.

तुमच्याकडे तर पत्ता हाताशी आहे. ‘दिल्ली सफारी’ पुण्याच्या क्रेयॉन पिक्चर्सने केलाय, २०१२ चा, त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट ॲनिमेशन फिल्मचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळालाय. त्यातले प्राणी ज्या बोरिवलीच्या जंगलातून दिल्लीला निघतात त्याच जंगलाचं एक टोक म्हणजे तुमचं येऊर. म्हणजे ते पिल्लू तुमच्या मुलाचं शेजारी आहे. त्याला सकाळी येऊरला घेऊन जा, बिबट्या दिसणार नाहीच, पण पावसाआधी आणि पावसानंतर तेच एक झाड त्याला दाखवा. आणि एवढं समजवा की सिनेमातली माकडं बोलतात, खरी बोलत नाहीत, त्यांना वेफर्स द्यायचे नाहीत. बोलणाऱ्या प्राण्यांचा हा एक तोटा असतोच, पोरांना ते आपल्यासारखेच वाटायला लागतात आणि मग लाडाने खायला घालावंसं वाटतं.

प्रश्न : ताई, आमच्या ग्रुपने हॉस्टेलवर ‘प्रिन्सेस मोनोनोके’ बघितला. जंगल तोडणारी ती इबोशी, पण मला तिचा रागच येईना. मग जंगल वाचवायचा मेसेज फसला ना? – एक विद्यार्थी, कोल्हापूर

अरे, फसला नाही, तिथेच तर तो सगळ्यात जास्त पोचला. विचार कर, इबोशी जंगल का तोडते? लोखंड गाळायला कोळसा लागतो, कोळशाला झाडं लागतात. आणि त्या लोखंडाच्या वस्तीत ती कुणाला ठेवते, तर कोठ्यांवरून सोडवून आणलेल्या बायकांना आणि महारोग्यांना, ज्यांना बाहेर कुणी दारात उभं करत नाही. त्या बायका भाता मारताना हसतात, गातात. तिला वाईट म्हणायचं तर त्यांच्या पोटावर पाय द्यावा लागतो. १९९७ चा, मियाझाकींचाच सिनेमा आहे, पण आपल्याकडच्या कुठल्याही धरणाच्या, खाणीच्या, मेट्रोच्या वादात हीच गाठ असते, दोन्ही बाजूंना माणसं असतात आणि त्यातल्या एका बाजूला आपण स्वतः असतो. मोठे दात आणि सिगार असलेला खलनायक दाखवला की प्रेक्षक सुटतो, मी काही तसा नाही म्हणून घरी जातो. इबोशी दाखवली की सुटता येत नाही.

आणि त्यातलं जंगल! मियाझाकींची टीम याकुशिमा बेटावर जाऊन आली होती, तिथली शेवाळाने झाकलेली जुनी झाडं बघून ते जंगल रंगवलंय. त्यात छोटे पांढरे कोदामा, झाडांचे जीव, मान कटकट हलवतात. ते काहीच करत नाहीत, नुसते असतात. जंगल मरायला लागतं तेव्हा ते पानांसारखे खाली पडतात आणि आपल्या पोटात कालवतं. ॲनिमेशनला हे जमतं, झाडाला चेहरा द्यायचा आणि तरी त्याला माणूस करायचं नाही. कॅमेऱ्याने झाडाचं मरणं दाखवायचं तर फक्त पडतानाच दाखवता येतं.

तू कोल्हापूरचा, तर राधानगरीकडच्या एखाद्या देवराईत जाऊन ये, फांदीसुद्धा न्यायची नाही असा जिथे अजून नियम पाळतात तिथे. मग शेवट परत बघ. माणसांनी उडवलेलं जंगलदेवाचं डोकं परत दिल्यावर डोंगर हिरवा होतो, पण सान, म्हणजे लांडग्यांनी वाढवलेली ती जंगलातली मुलगी, म्हणते की माणसांना मी माफ नाही करू शकत, आणि आशिताका, सिनेमाचा नायक, म्हणतो ठीक आहे, तू जंगलात रहा, मी वस्तीत राहीन, भेटत राहू. दोघांचं भांडण मिटलेलं नाही तरी भेटत राहायचं ठरलं. मला हा शेवट फार खरा वाटतो.

प्रश्न : मॅडम, मी कोकणात जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. मुलांना असा एखादा सिनेमा दाखवायचाय, पण एकच तास मिळतो. शिवाय सहकारी म्हणतात याने काही फरक पडत नाही. खरंच पडतो का? – एक शिक्षक

सर, थोडा पडतो. ‘फाइंडिंग नीमो’ २००३ मध्ये आल्यावर बोंब झाली होती की लोक नीमोसारखे मासे विकत घ्यायला धावले. नंतर ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१६ च्या ‘फाइंडिंग डोरी’साठी आकडे तपासले तर डोरीच्या जातीच्या माशाची आयात वाढल्याचा पुरावा सापडला नाही, इंटरनेटवर त्याबद्दल शोधणं मात्र वाढलं होतं. म्हणजे कुतूहल जागं होतं. पुढचं काम शिक्षकाचं, म्हणजे तुमचंच.

एका तासासाठी मी फ्रेडरिक बॅक यांचा ‘द मॅन हू प्लांटेड ट्रीज’ दाखवा म्हणेन. १९८७ चा, अर्ध्या तासाचा, ऑस्कर मिळालेला. उजाड डोंगरावर एकटा राहणारा मेंढपाळ, रोज रात्री ओकच्या बिया निवडतो, किडक्या बाजूला, शंभर चांगल्या झाल्या की झोपतो, सकाळी लोखंडी सळईने भोक पाडून पेरतो. तीन वर्षांत एक लाख पेरल्या, वीस हजार उगवल्या, त्यातल्या निम्म्या जातील असं तो शांतपणे सांगतो. सिनेमा सुरुवातीला मातकट आहे आणि हळूहळू रंगात येतो, झऱ्याला पाणी येतं, माणसं परत राहायला येतात. मुलांना हे आधीच सांगा की गोष्ट काल्पनिक आहे, लेखक जाँ जिओनोंनी रचलेली, नाहीतर नंतर कळलं की पोरं हिरमुसतात. भाषेचं टेन्शन घेऊ नका, आवाज बंद करून तुम्हीच मालवणीत सांगा, तुमच्या आवाजातच मुलं जास्त ऐकतील.

शक्यतो जूनमध्ये दाखवा. दुसऱ्या दिवशी मुलांना जांभळाच्या आणि फणसाच्या बिया आणायला सांगा, आणि त्या वाळवून ठेवू देऊ नका, ओल्या असतानाच त्याच आठवड्यात पिशवीत रुजवा, वाळल्या की त्या उगवत नाहीत.